चावी कांताबाईकडे

पिकअपमध्ये सगळ्यात शेवटी माझं शिलाई मशीन चढवलं. गादी, भांडी, लोखंडी पेटी, पोरांची दप्तरं आधी गेली, कारण मशीनवर काही ठेवलेलं मला चालत नव्हतं. मायनं तिचं जुनं लुगडं आणून मशीन त्यात गुंडाळलं, वरून सुतळी बांधली आणि गाठ मारता मारता पुन्हा तेच विचारलं, "चवथ्या माळ्यावर कोण येईन वो तुह्याकडे?" मी म्हटलं, "येतीन ना, जिना हाय." तिनं सुतळी आणखी आवळली. गाडी हलली तेव्हा मी मागे वळून पाहिलं तर दारात भाऊ होता, शेजारपाजार होता, माय नव्हती. ती आत चुलीपाशी जाऊन बसली होती, हे भावानं नंतर सांगितलं. मला तेव्हा रागच आला होता. लेक घर सोडून चालली आणि या बाईला बाहेर यायला होत नाही.

तुम्ही जे आमच्या गावी, रामाकोन्यातच राहिलात, ते म्हणाल की सौसरला बस बदलली की पांढुर्णा येतं, त्याचं काय एवढं कौतुक. आणि जे पुण्याला, सुरतेला, दुबईला गेले, ते तर हसतीलच. हसा. पण जिला दुपारी दोनला हाक मारली की भिंतीपलीकडून ओ यायची, तिला एकदम चौथ्या माळ्यावर नेऊन ठेवा आणि मग अंतर मोजा. रामाकोन्यात दिवसा दार लावलं तर लोक विचारायचे, घरात कोणी आजारी आहे का. इथे दार उघडं ठेवलं तर विचारायचे, काही पाहिजे का.

माझा नवरा आधीपासून पांढुर्ण्यात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. त्याची भाड्याची खोली एवढीशी, म्हणून मी पोरांना घेऊन माहेरी राहत होते. मग सरकारी आवासच्या मल्टीत आमचं घर लागलं. मल्टी म्हणजे चार माळ्यांच्या इमारती, सगळ्या एकाच रंगाच्या. पहिल्या महिन्यात मी दोनदा दुसऱ्याच इमारतीचे जिने चढून परक्या दाराला चावी लावली होती. नळ घरात, संडास घरात, पंखा डोक्यावर, आणि तरीही सकाळी पोरं शाळेत गेली की मला रडू यायचं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग जा परत. मी गेलेही असते.

राहिले ती तळमजल्यावरच्या हॉलमुळे. त्याचं सरकारी नाव मोठं आहे, आमच्या तोंडी हॉलच. एका संस्थेनं तिथे मशीनं ठेवून शिवणक्लास सुरू केला होता. शिकवणारी बाई नागपूरची, ती लग्न होऊन गेली, आणि कोणीतरी म्हणालं, चौथ्या माळ्यावरची वनिता शिवते म्हणे. तेव्हापासून मी खाली उतरले ती उतरलेच. सकाळी पोरी शिवायला येत. संध्याकाळी तिथेच पोरांचा अभ्यास घ्यायला एक कॉलेजची मुलगी यायची. मधल्या वेळात म्हाताऱ्या बाया सही शिकायच्या, आणि सहीपेक्षा जास्त सुनांबद्दल बोलायच्या. मला नावानं हाक मारणारी माणसं तिथेच भेटली.

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा आम्हीही फटाके वाजवले. जिल्हा झाला म्हणजे खाती येणार, आणि खाती आली म्हणजे त्यांना खोल्या लागणार, हे फटाके वाजवताना कोणाच्या डोक्यात आलं नाही. एका दुपारी एक साहेब आले, आमच्या राज्यातले साहेब हिंदीच बोलतात. कुठल्या खात्याचे ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. हॉलमध्ये त्या वेळी मशीनखाली झोपलेलं एक कुत्रं सोडून कोणी नव्हतं. साहेबांनी टेपनं भिंती मोजायला लावल्या आणि म्हणाले, "ये तो खाली पड़ा रहता है." मी धावत खाली आले, क्लास सकाळी असतो म्हणून सांगितलं. ते म्हणाले, आम्ही केव्हाही येऊन बघू, क्लास चालू दिसला तर ठीक. नाही दिसला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. टेप गुंडाळणाऱ्या माणसाकडे बघूनच ते कळत होतं.

त्या संध्याकाळी मोहगावच्या सुशीलाकाकूंनी तोंड उघडलं. त्या दुसऱ्या माळ्यावर राहतात आणि शाळेत पोरांचा स्वयंपाक करतात. म्हणाल्या, "सप्त्यात वीणा खाली ठेवतेत का कोणी? एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तसा पहारा लावा." आमच्या बौद्धांकडे सप्ता नसतो, पण वर्षावासात विहारात रोजचं वाचन चुकवायचं नाही, ही शिस्त माझ्याही अंगात होतीच. ठरलं. दिवसभर हॉलमध्ये कोणी ना कोणी काही ना काही शिकताना दिसलं पाहिजे, आणि जिचा पहारा असेल तिनं दुसरी आल्याशिवाय उठायचं नाही.

विरोध केला तो एकट्या कांताबाईनं. तिचं घर पहिल्या माळ्यावर, बरोबर हॉलच्या डोक्यावर. ती मूळची नदीपलीकडच्या सावरगावची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याशी दगडफेकीचा खेळ खेळणाऱ्या गावाची, त्यामुळे ती विरुद्ध पक्षातच असणार, अशी थट्टा पांढुर्ण्याच्या बाया करायच्या. पण तिचं कारण खरं होतं. तिचा नवरा रात्रपाळीचा चौकीदार. दिवसा झोपायचा, आणि खाली आमची मशीनं खडखड करायची. साहेब निघाले तेव्हा तिनं जिन्यातूनच त्यांना म्हटलं होतं, "घेऊन टाका जी हॉल. आमाले झोप तं भेटन." त्या दिवसापासून माझं तिच्याशी बोलणं बंद. जिन्यात समोर आली की मी मोबाइल काढायची आणि ती नाक मुरडायची.

सकाळ आणि संध्याकाळ सोपी होती. खरी धास्ती दुपारची. बाया कामावर, पोरं शाळेत, आणि साहेब लोकांची फिरायची वेळ नेमकी तीच. फाटकाशी गाडी थांबली की जिचा पहारा ती घाईनं मशीन फिरवायला लागायची. बघावं तर गॅसवाला.

अशाच एका दुपारी माझा पहारा होता. पोरांच्या शाळेतल्या गुरुजींच्या घरचं लग्न अगदी जवळ आलं होतं, त्यांचे सगळे ब्लाउज नुकतेच हातावेगळे केले होते. शिकणाऱ्या दोघी पोरी परीक्षेला गेल्या होत्या, सुशीलाकाकू शाळेतून यायच्या होत्या. भावाचा फोन आला. "मायले चक्कर आली, पडली. बोलून नाई राहिली. सौसरच्या दवाखान्यात नेऊन राहिलो. तू निघ."

मी मशीन तसंच सोडून दारापर्यंत आले आणि थांबले. माय तिकडे न बोलता पडलेली, आणि माझ्या डोक्यात काय, तर हॉल. स्वतःचाच संताप आला. बसची वेळ झाली होती. मी जिने चढत दारं वाजवली. कोणी बाहेर, कोणाच्या दाराला कुलूप, एका घरी नुसती आंधळी आजी. उघडलं ते एकच दार.

"काय हाय?" कांताबाई केस मोकळे सोडून उभी होती.

"माय पडली माही. मी सौसरले जातो. हे चाबी."

तिनं चावीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मले कायले?"

"दुसरं कोणीच नाई."

मी चावी तिच्या हातात कोंबली आणि पळाले. काय कर, काय करू नको, काहीही सांगितलं नाही. काय सांगणार होते? जिनं हॉल घेऊन टाका म्हटलं तिलाच हॉल देऊन चालले होते.

बसमध्ये खिडकीशी बसून मी सुशीलाकाकूंना फोन लावत राहिले. त्या उचलेनात. भावाचा लागेना. संत्र्यांच्या बागा मागे जात होत्या आणि माझा जीव दोन्हीकडे टांगणीला. मायचं काही झालं असलं तर मला रामाकोन्यात काय उरलं, आणि तिकडे कुलूप लागलं तर पांढुर्ण्यात तरी काय, एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

दवाखान्यात मायला सलाइन लावलेली होती. डोळे मिटलेले, तोंड कोरडं. डॉक्टर म्हणाले, साखर एकदम उतरली होती, शुद्धीवर येतील, वाट बघा. मी तिचा हात धरून बसले, तेवढ्यात काकूंचा फोन.

"वनिता, साहेब आले होते. पण पयले मायचं सांग."

"काकू, हॉलचं सांगा ना!" मी ओरडलेच. भावानं माझ्याकडे असं पाहिलं की मी खाटेवरून उठून बाहेर गेले.

"हॉल भरून होता," काकू म्हणाल्या.

मी गेल्यावर कांताबाई थोडा वेळ चावी घेऊन दारातच उभी होती म्हणे. मग तिनं पहिल्यांदा स्वतःच्या नवऱ्याला उठवलं. मग इतर इमारतींत जाऊन एकेक दार ठोकलं. तान्ह्या पोरांच्या आया, घरी असलेले म्हातारे, आमच्या आंधळ्या आजी, जे हाताला लागले त्यांना खाली आणून बसवलं. त्यातल्या एकालाही सुईत दोरा ओवता येत नव्हता. आणि तेवढ्यात जीप आली. साहेबांनी विचारलं, "टीचर कौन है?" कांताबाई म्हणाली, "मी." क्या सिखा रही हैं? मशीनला तर तिनं आयुष्यात हात लावला नव्हता. तिनं टेबलाखालचं गाठोडं ओढलं, सोडलं, ब्लेड उचललं आणि म्हणाली, "उसवनं. पयले उसवनं यावं लागते जी, मंग शिवनं." आणि सगळे उसवायला बसले. ब्लेडं थोडी होती म्हणून कोणी सेफ्टी पिननं, कोणी दातांनी. तिचा नवरा नुसत्या लुंगीत बसून हूक काढत होता. साहेब बराच वेळ उभे राहिले, एक फोटो काढला आणि गेले.

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात एकटीच हसत सुटले. हसता हसता विचारलं, "काकू, गाठोडं कोणतं?"

"थेच ना, लुगड्यातलं."

सरावाच्या चिंध्या दारामागच्या पिशवीत होत्या. मायच्या लुगड्यात बांधलेले होते ते गुरुजींच्या घरचे ब्लाउज, नवरीचे आणि तिच्या काकू-मावश्यांचे, हूक-काजांसकट तयार.

संध्याकाळी मायनं डोळे उघडले. पहिलं काय विचारलं, तर "पोरं कोणापाशी हायेत?" शाळेतून आलेल्या माझ्या पोरांना कांताबाईनं जेवू घातल्याचं काकूंनी सांगितलंच होतं. मी म्हटलं, "शेजारी हायेत." मायनं डोळे पुन्हा मिटले, पण या वेळी झोपण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी धोका नाही म्हटल्यावर भावाला तिच्याजवळ ठेवून मी पांढुर्णा गाठलं. हॉल उघडाच होता. टेबलावर बाह्या एकीकडे, पाठी एकीकडे, छातीच्या कटोऱ्या एकीकडे, हूक वाटीत. कापड कुठेही फाटलं नव्हतं, एवढं मात्र खरं. कांताबाई खुर्चीवर बसली होती. मला आभार मानायचे होते, तोंडातून निघालं भलतंच.

"हे काय करून ठेवलं वो?"

"चाबी देऊन पळाली तू. सांगून गेली का काही?" तीही तडकली. "रातभर झोप नाई मले, काकूनं सांगतल्यापासून. लगन परवा हाय म्हने. मंग शिकव ना आता, उभी काऊन हाय?"

मी कापडाचे तुकडे ओळखून जोडत गेले आणि जी येईल तिला हातशिलाईला बसवलं. उसवायला आलेल्या बहुतेक सगळ्या शिवायलाही आल्या, शरमेनं असो की मजेनं. मशीनं इतकी खडखडली की कांताबाईचा नवरा उशी घेऊन वर आमच्या घरी जाऊन झोपला. अजूनही दुपारी तिथेच झोपतो. ब्लाउज वेळेत गेले. नवरीच्या आईनं एक बाही जरा ओढते म्हणून तोंड वाकडं केलं, ती बाही कांताबाईची होती, आणि ते मी तिला सांगितलंच.

साहेबांनी फोटोचं काय केलं, हॉलबद्दल काय ठरलं, आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. पहारा चालू आहे. रामाकोन्याचं घर मी अजून घरच म्हणते, पण तिथे गेलं की आता माझे कान मागे राहतात. मला वाटतं, जिथून निघताना आपण नसू तर कसं होईल याची भीती वाटते, ते घर व्हायला लागलेलं असतं. आणि भांडलेल्या बाईच्या हाती चावी देऊन निघता आलं, की ते झालं. हे मायला सांगायला मला शब्द सापडले नाहीत.

गेल्या आठवड्यात तिला बघायला गेले होते. दोन दिवस झाले, पांढुर्ण्याहून एकही फोन नाही. जीव राहवेना, मीच लावला.

"थे साहेब आले होते काल," कांताबाई म्हणाली.

"अन् मंग?"

"मी बाही लावून राहिलो होतो, उठलो नाई. पाहून गेले."

मागून मशीनं ऐकू येत होती. मी फोन ठेवला आणि मायला म्हटलं, आज जात नाही. आणखी चार दिवस राहिले.