वनिताचा फळा

लग्नानंतर मी नवऱ्याच्या गावी झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि दारावर मोठ्या हौसेनं पाटी लावली, ‘येथे सर्व प्रकारची कामे केली जातील.’ पहिल्याच दिवशी एक बाई येऊन पाटीखाली उभी राहिली. मे महिन्याचं ऊन भाजत होतं आणि हिनं कानांवरून दुपट्टा आवळून गुंडाळलेला. तिनं पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि माझ्या तोंडाकडे न बघता खांद्याकडे बघत विचारलं, “सर्व म्हंजे कोनती? धान कापून देता काय?”

मी म्हटलं, “अहो नाही, झेरॉक्स, टायपिंग, फोटो.”

“मंग तसं लिवा ना. मी काय समजाचं?”

मला राग आला. माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो, हे माझ्या सासूबाई येईल त्याला सांगतात आणि ते खोटं नाही. पण ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली, तोच प्रश्न घेऊन. शेवटी मी पाटी पुसून लिहिलं, ‘झेरॉक्स. टायपिंग. फोटो.’ ती म्हणाली, “खाली लिवा, बाकी काई नाई.” मी तेही लिहिलं. “बरं,” म्हणून ती निघून गेली. एक पानही झेरॉक्स केलं नाही. ही वनिता.

आमचं गाव अर्जुनी मोरगावकडचं, जुन्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, वसलेलं. ती पाळ वनिताच्या पूर्वजांनी घातली, असं गाव सांगतं. वनिता रोज सकाळी त्या पाळीवरून एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत जायची आणि परत यायची. मध्ये कोणी हाक मारली तरी थांबायची नाही. परत आल्यावर मात्र ज्यानं हाक मारली त्याच्या दारी जाऊन विचारायची, “काऊन बोलावलं?” तोवर बिचारा विसरूनही गेलेला असायचा.

गावात तिला कोणी अजब म्हणत, कोणी येडी. ती चाळिशीच्या आसपास असताना तालुक्याला आरोग्य शिबिर भरलं, तिथं डॉक्टरांनी सांगितलं की ही स्वमग्न आहे. त्या डॉक्टरांनी आधी तिच्या आईला विचारलं होतं, “हिचं नाव काय?” आई तोंड उघडणार तेवढ्यात वनिता म्हणाली, “नाव माझं हाये. मले विचारा.” ‘मले विचारा’ हे तिचं ठेवणीतलं वाक्य. आणि त्या नव्या शब्दाचं तिला कौतुकही नव्हतं, लाजही नव्हती. फक्त तक्रार होती. “स्वमग्न म्हनतेत. मी कायची मग्न? मले त सगळंच आयकू येते. पंखा बी, ट्रॅक्टर बी, तुमच्या बांगड्या बी.” मी त्या दिवसापासून दुकानात बांगड्या काढून ठेवायला लागले. ते तिनं पाहिलं, पण आभार वगैरे मानले नाहीत. तसल्या गोष्टी तिच्या खात्यात नव्हत्याच.

तिचं सगळं जग तिच्या आईच्या जिवावर चालायचं. पार्वताबाई रोज दिवेलागणीला ओसरीवर सूप घेऊन बसायच्या आणि तांदूळ निवडता निवडता लेकीला उद्याचा दिवस सांगायच्या. “उद्या सोमवार. दादा सकाळीच देवरीले जाईन. दुपारी कढी हाये. पाव्हने येनार नाईत.” मग वनिता शांत झोपायची. न सांगितलेला पाहुणा दारात आला की मात्र ती धान साठवायच्या मोठ्या ढोलीमागे जाऊन बसायची आणि तो जाईपर्यंत बाहेर यायची नाही. लोकांना तो हट्ट वाटायचा. मला विचाराल तर डोळे बांधून अनोळखी घरात सोडलं की आपणही भिंत धरूनच बसू.

आता भोंग्यांची गोष्ट. ग्रामसभेच्या नोटिशीत शेवटचा विषय नेहमी एकच असतो, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. त्या ऐनवेळच्या पोटात अख्खा हत्ती मावतो. एका सभेत त्यातूनच ठराव निघाला की गावात सूचना देण्यासाठी चौकाचौकांत भोंगे लावायचे. कोतवाल देवाजी डफडं वाजवत गल्लीगल्लीत दवंडी देत फिरायचा, त्याच्या पायांना आराम मिळेल, अशीही भावना होती. एक खांब नेमका वनिताच्या दारासमोर आला.

पहिल्या सकाळी भोंगा कोकलला. आधी एक भजन, मग खरखर, मग सरपंचांचा आवाज, मग पुन्हा खरखर. त्यातलं कोणाला काही समजलं नाही. लोक देवाजीलाच विचारायला गेले की भोंग्यात काय सांगितलं. वनिता ढोलीमागे गेली ती दुसऱ्या दिवशीपर्यंत बाहेर आली नाही, जेवली नाही. पार्वताबाई ढोलीला पाठ लावून तिच्याजवळ बसून राहिल्या.

तिचा भाऊ रमेश चांगला माणूस. तो सरपंचांकडे गेला, म्हणाला, “आमची बहीन जराशी तशी हाये, भोंगा सरकवून द्या जी.” सरपंचही चांगल्या मनानं म्हणाले, सरकवू. खरं म्हणजे विषय तिथंच मिटला होता. पण तिसऱ्या दिवशी वनिता दुपट्टा आवळून माझ्या दुकानात आली.

“वहिनी, भोंगा सरकवून राहिले.”

“मग चांगलं झालं ना?”

“मले कोनी विचारलं नाई. लावताना नाई, सरकवताना बी नाई. आन सरकवला त दुसऱ्याच्या दारी कोकलन. समजनार त कोनालेच नाई.”

तिला काय हवं होतं, ते तिनं एका दमात सांगितलं. भोंग्याचा विषय पुढच्या सभेत नाव घेऊन मांडायचा, ऐनवेळी नाही. तो पहिला घ्यायचा. माईक लावायचा नाही. आणि ती स्वतः बोलणार. हे सगळं सरपंचांना लिहून द्यायचं होतं.

मी लिहायला बसले. मला आपल्या शुद्धलेखनाचा भारी अभिमान. मी टाइप केलं, ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती करण्यात येते की...’ तिनं पडद्यावर बोट ठेवलं. “हे कोन बोलून राहिलं?” मी म्हटलं, “अर्ज असाच असतो.” ती म्हणाली, “असा असते म्हनूनच कोनाले समजत नाई. पुसा.” मी म्हटलं, “मी तुझ्यासाठी फुकटात करतेय, जरा गप्प बस.” तिनं पिशवीतून नोट काढून टेबलावर ठेवली. “आता फुकट नाई. पुसा.” मी पुसलं. त्या दुपारी आमच्या भांडणातून चार प्रश्न तयार झाले. काय आहे? केव्हा आहे? कुठं आहे? मी काय करायचं? चौथ्यावर तिचा सगळा जीव. “लोक तीन सांगतेत आन चौथं गिळतेत,” ती म्हणाली.

रमेशला हे कळलं तेव्हा तो दुकानात येऊन माझ्यावरच उखडला. “वहिनी, तुमी तिले चढवून राहिल्या. चार लोकांत हसं होईन तिचं.” वनिता मागेच उभी होती. “हसू दे,” ती म्हणाली. “भोंग्यापेक्षा हसन्याचा आवाज लहानच असते.”

सरपंच कुरकुरले. “आता सभा कशी घ्यायची हे बी हीच शिकवन काय?” पण विषय त्यांनी नोटिशीत घातला, पहिला घातला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. वनिता दाराच्या चौकटीला टेकून उभी, कानांवर दुपट्टा, बोटांत त्याचंच टोक गुंडाळलेलं. सरपंच सवयीनं म्हणाले, “हां रमेशभाऊ, मांडा तुमचं.” रमेश उठला. वनिता म्हणाली, “दादा, बस. मी इथंच हाओ.” कोणीतरी फिसकन हसलं. रमेश बसला.

ती सरपंचांच्या खांद्याकडे बघत बोलली. “भोंगा नको. फळा पायजे. फळ्यावर चार गोष्टी लिवा. काय, केव्हा, कुठं, मी काय करायचं. फळा वरडत नाई. दोनदा वाचता येते.”

तेवढ्यात मागून चिंधूबुवा उठले. म्हातारे, डोळ्यांनी पूर्ण आंधळे. “पोरी, तुझा फळा मले कसा दिसन? भोंगा काढला त मले कोन सांगन?”

झालं. सरपंचांनी हात पसरले, म्हणजे बघा आता. सगळे वनिताकडे बघायला लागले. तिच्या ओठांतून शब्द येईना. दुपट्ट्याचं टोक गुंडाळलं जात होतं, सुटत होतं, पुन्हा गुंडाळलं जात होतं. मी उठायला लागले, तसा तिनं माझ्याकडे न बघताच तळवा दाखवला. थांबा. सभा थांबली. एवढी माणसं एका बाईच्या शब्दाची वाट बघत गप्प बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

“चिंधूबुवाले आवाज पायजे,” ती अखेर म्हणाली. “मले आवाज सहन होत नाई. दोघं बी याच गावचे. देवाजीभाऊनं बुवाच्या दारी उभं राहून त्याच चार गोष्टी सांगाव्या. डफडं न वाजवता. मानसाच्या आवाजात.”

चिंधूबुवा म्हणाले, “हे चालन. भोंग्यातलं मले बी कुठं समजते!”

आता लोक हसले, पण ते वेगळं हसणं होतं. सरपंच मात्र हटेनात. समजावणीच्या सुरात म्हणाले, “अवो वनिताबाई, तुमाले एवढा खटाटोप कायले? घरी आई हाये, भाऊ हाये. ते सांगतेतच ना?”

“आई सांगते,” वनिता म्हणाली. “आई म्हातारी झाली. आई मरन. मंग मले गावानं सांगावं.”

पार्वताबाई बायकांत पुढेच बसल्या होत्या. मरणाचं असं तोंडावर कोणी बोललं की माणूस दुखावतं. मला वाटलं, म्हातारी आता रडते. पण त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “बरोबर बोलून राहिली पोरगी. मले बी ह्याचाच घोर होता.”

भोंगे निघाले. एक तेवढा पंचायतीवर राहिला, तलावाच्या पाळीला धोका झाला तरच वाजवायचा. चौकात काळा फळा आला. त्यावर चार प्रश्न पांढऱ्या रंगानं पक्के रंगवले, उत्तरं खडूनं लिहायची. देवाजी कोतवाल रोज संध्याकाळी ती लिहायचा आणि मग चिंधूबुवांकडे जायचा. सुरुवातीला त्याची फार तारांबळ व्हायची. ‘कालव्याचं पाणी लवकरच सुटणार’ असं लिहिलं की वनिता फळ्यासमोर हलेचना. “लवकर म्हंजे कोनता वार?” वार माहीत नसेल तर ‘वार माहीत नाही, गुरुवारी सांगू’ असं लिहायचं, हेही तिनंच ठरवून दिलं. गावातल्या बाकीच्यांना त्याची इतकी सवय झाली, की लग्नाच्या पत्रिकाही लोक माझ्याकडून तशाच छापून घ्यायला लागले. चौथ्या प्रश्नाखाली ‘जेवायचं’ एवढाच शब्द असायचा.

पार्वताबाई धानाच्या चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत गेल्या. पहाटे झोपेतच. आमच्याकडे मयताच्या घरी बायका येतात त्या गल्लीच्या तोंडापासून हंबरडा फोडत येतात. तशी रीतच आहे, आणि त्यात माया असते. रमेश डोळे पुसत माझ्याकडे आला. “वहिनी, दिवसभर वनिताले तुमच्या घरी ठेवा. तिले ते रडनं सोसनार नाई.” मी तिला आणायला गेले. ती आईच्या पायाशी बसली होती.

“माझी आई हाये,” ती म्हणाली. “मी कायले जाऊ?”

ती उठली, चौकात गेली, मयताचं लिहायला आलेल्या देवाजीच्या हातातला खडू घेतला आणि स्वतः लिहिलं.

काय आहे? माझी आई वारली.
केव्हा आहे? आज दुपारी बारा वाजता नेणार.
कुठं आहे? आमच्या घरी.
मी काय करायचं? यायचं. मोठ्यानं रडायचं असेल तर आधी पाळीवर रडायचं. मग घरात यायचं.

माझ्या सासूबाई भडकल्या. “आता रडाले बी फळा!” असं म्हणत त्या पाळीवर गेल्या. तिथं आधीच कितीतरी बायका बसल्या होत्या. त्या दिवशी पाळीवर जे रडणं झालं, ते मी कधी विसरणार नाही. आणि मग एकेक बाई डोळे पुसून, पदराचा बोळा तोंडाशी धरून, पाऊल न वाजवता त्या घरात गेली. वनिता बारा वाजेपर्यंत आईजवळ बसून राहिली. ती ढोलीमागे गेली नाही.

मी आता गोंदियाला राहते, मुलाकडे. इथं कचेरीत कागद हातात पडला की मीही काउंटरवर विचारते, “म्हणजे मी काय करायचं?” मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे. हे तिनंच माझ्या अंगात घातलंय. पण तिची आठवण आली की डोळ्यांसमोर येते ती पार्वताबाई गेल्या त्याच दिवसाची संध्याकाळ.

दिवेलागण झाली. घरात चूल पेटली नव्हती. आम्ही शेजारच्या बायका ओसरीवर होतो. ही वेळ वनिताला उद्याचा दिवस सांगायची, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाला तोंड उघडवत नव्हतं. तेवढ्यात देवाजी कोतवाल अंगणात आला. हातात डफडं नव्हतं. चप्पल काढून तो ओसरीखाली उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, “वनिताबाई, उद्याचं सांगाले आलो. उद्या...”

“थांबा,” वनिता म्हणाली. “असं नाई.”

ती आत गेली. तांदळाचं सूप घेऊन आली आणि ओसरीवर आई बसायची त्या जागी ठेवलं. “आई निवडता निवडता सांगे.”

देवाजीनं एकदा आमच्याकडे पाहिलं. मग पाय पुसून तो ओसरीवर चढला, सूप पुढ्यात ओढलं आणि खडे वेचत वेचत त्यानं तिला उद्याचा दिवस सांगितला.