नळ्यांपर्यंत न पोचलेली तार

आमच्या कारखान्यात एक शिस्त आहे: ज्याने जोडणी केली, त्याने सील लावायचे नाही. तपासून झाकण बंद करणारा माणूस वेगळा असतो. माझा एक सहकारी, मूळचा नागपूरचा, आणि मी घरी फ्रिक्वेन्सीची यंत्रे बनवू लागलो, तेव्हा ही शिस्त आम्ही न बोलता सोबत नेली. सर्किट मी जोडायचो. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लहर स्थिर दिसली की काम त्याच्या हाती द्यायचो. तो ते डब्यात बसवून स्क्रू आवळायचा आणि ओळखीच्या आजारी माणसांना नेऊन द्यायचा. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तांब्याच्या दोन नळ्या हातांत धरून बसायचे, एवढाच उपचार. प्रत्येक आजाराची स्वतःची फ्रिक्वेन्सी असते, असे त्याने कुठेसे वाचले होते. जे मोजता येते ते खोटे नसते, अशी माझी समजूत असल्याने मीही ते मानले.

माझी थोरली बहीण याच हिंदी बोलणाऱ्या शहरात, साकेत नगरात एकटी राहते. तिला थायरॉइडचा त्रास. यंत्र देताना तो म्हणाला, "ताई, आता गोळ्यांची गरज नाही." तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "बघ थोडे दिवस."

सुरुवातीला तिला हलके वाटले. मग चेहरा सुजू लागला, आवाज जड झाला. "सेल उतरला असेल रे," म्हणत तिने डबा माझ्याकडे दिला.

त्याने बंद केलेला डबा मी प्रथमच उघडला. सेल ठीक होता, सर्किट चालू होते. नळ्यांकडे जाणाऱ्या दोन्ही तारा मात्र आतच कापलेल्या होत्या, आणि टोकांवर टेप गुंडाळली होती, अगदी कारखान्यातल्यासारखी नीटस.

मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो घराच्या ओट्यावर मटार सोलत बसला होता.

"तारा तू कापल्यास?"

"सगळ्याच डब्यांच्या. बाप्पा, कुणाला झटका बसला असता म्हणजे?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू बनवलं असतंस का? लोक तुझ्या नावावर घेत होते, यार. इंजिनिअरने बनवलंय म्हणून." तो हसला. "आणि फायदा झालाच ना?"

"ताईने गोळ्या बंद केल्यात."

"'बघ थोडे दिवस' कोण म्हणालं होतं?" असे म्हणून त्याने मूठभर दाणे माझ्यापुढे केले.

इतक्या वर्षांच्या सोबत्याने मला असे वापरावे, हे मनाला फार लागले. पण ते शब्द माझेच होते. उठून थेट ताईकडे गेलो आणि तिला सगळे सांगितले.

तिचा चेहरा उजळला. "म्हणजे खरा उपचार झालाच नाही अजून! मग जोड ना ती तार."

मला वाटले, हिला फसवणे त्याच्यापेक्षा मलाच अधिक सोपे आहे.

"ताई, तार जोडूनही काही होणार नाही."

"मग इतके दिवस तू बनवत काय होतास?"

दुसऱ्या सकाळी मी तिला जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेले. रिक्षात ती बाहेर बघत राहिली. डॉक्टरांनी गळा तपासून विचारले, "गोलियाँ क्यों बंद कीं?"

"मैं ही भूल जाती थी," ताई म्हणाली.

"नहीं, डॉक्टर साहब," मी म्हणालो. "मेरे कहने पर."

डॉक्टर मला पुष्कळ बोलले. ते योग्यच होते. रक्ताची तपासणी आणि गोळ्या लिहून घेऊन आम्ही बाहेर आलो. मन किंचित मोकळे झाल्यासारखे वाटत होते, तेवढ्यात ताई थांबली.

"परक्या माणसासमोर मला खोटं पाडलंस," ती त्या जड आवाजात म्हणाली. "तुझ्यावर बोल येऊ नये म्हणून बोलले होते रे मी. तेवढंही ठेवलं नाहीस."

मी काही बोलायच्या आत तिने माझ्या हातातून चिठ्ठी घेतली आणि औषधांच्या खिडकीकडे एकटीच चालू लागली.