बूट काढू का, शेठ?

“बूट काढू का, शेठ?”

हे वाक्य तो इतक्या साध्या आवाजात म्हणायचा, की नव्या माणसाला वाटावं, पाहुणा घरात शिरता शिरता दारात विचारतोय. आमच्या शेठला मात्र ते ऐकलं की घाम फुटायचा. कारण विचारताना तो खाली वाकलेला असायचा आणि डाव्या बुटाची नाडी अर्धी सुटलेली असायची. एक बूट निघाला तर बोलणी करायची आहेत. दोन्ही निघाले तर आज खेळ नाही. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण मैदानावरच्या पोराटोरांनाही माहीत होता.

सगळे त्याला कप्तान म्हणायचे, मीही तेच म्हणतो. अर्जुनी मोरगावकडच्या एका खेड्यातला, काळा, रुंद खांद्यांचा माणूस. स्टॉपरला, म्हणजे गोलपुढच्या बचावाच्या मधोमध, खेळायचा. पळायला फार चपळ नव्हता, पण बॉल जिथं यायचा तिथं हा आधीच उभा असायचा.

आता मी कोण, ते सांगतो. माझा गोंदियात मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. माईक माझा, भोंगे माझे, खुर्च्या माझ्या. आवाज देवानं मोठा दिलेला, म्हणून मॅचची कॉमेंट्रीही माझ्याच गळ्यात. धान कापून झालं की आमच्याकडे फुटबॉलचा हंगाम लागतो. पूर्वी गावाची टीम गावासाठी खेळायची. मग लोकांनी टीव्हीवर मोठ्या लीगा पाहिल्या आणि इथंही ते वारं आलं. राईस मिलवाले, ठेकेदार, ट्रान्सपोर्टवाले टीमांचे मालक झाले. खेळाडूंचा लिलाव होऊ लागला. ज्यानं बोली जिंकली, त्याचा तो खेळाडू एक हंगाम. कप्तान आमच्या राईस मिलवाल्या शेठच्या टीममध्ये होता.

पहिल्याच लिलावाची गोष्ट. हॉलमध्ये मालक सोफ्यावर, आणि खेळाडू एकेक करून स्टेजवर उभा. मी नाव पुकारायचो, मालक बोली लावायचे, खेळाडू हात बांधून समोर पाहत राहायचा. कप्तानाचं नाव आलं. तो येता येता पहिल्या रांगेतली एक प्लास्टिकची खुर्ची उचलून घेऊन आला, स्टेजच्या मधोमध मांडली आणि बसला.

मी माईकवर हात ठेवून म्हटलं, “कप्तान, उभं राहायचं असते.”

“बाजारात बैल उभा राहते जी,” तो म्हणाला. “मी बसून राहिलो. तुमी पुकारा ना.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक तर खुर्ची माझी, त्यात सगळे माझ्याकडे पाहताहेत. पण मालक लोक हसले, बोली लागली, काम पुढं सरकलं. त्याच्यानंतर आला तोही खुर्चीवर बसला, त्याच्या पुढचाही. दुसऱ्या वर्षापासून आयोजकच मला सांगू लागले, स्टेजवर खेळाडूसाठी एक खुर्ची ठेवा म्हणून. ते त्या खुर्चीचं वेगळं भाडं द्यायचे नाहीत, हे आपलं जाता जाता सांगतो.

अशाच बारीकसारीक गोष्टींसाठी त्याचे बूट निघायचे. प्रमुख पाहुणे येईपर्यंत दोन्ही टीम भर उन्हात ओळीनं उभ्या करायची पद्धत होती. पाहुणे कधी वेळेवर येतात, तुम्हीच सांगा. एकदा उभं राहून राहून त्यानं नाडी सोडायला घेतली. शेठ धावत आले, “अरे, अब क्या हुआ?” हा म्हणाला, “काही नाही शेठ. पाहुणे आले की सांगा, सावलीत बसून राहतो.” तेव्हापासून ओळ पाहुण्यांची गाडी दिसल्यावरच लागायची.

त्याला चिडलेलं मी कधी पाहिलं नाही. शिवी नाही, घोषणा नाही. मला उलट राग यायचा. भोंग्यावर गाणी लावून लोकांना थोपवून धरायचं काम माझं, आणि हा बापडा बुटाला बूट लावून शांत बसलेला.

त्याची आणखी एक सवय होती. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या गावच्या तलावाचं पाणी वाटायचं काम. त्यांच्याकडे रीत अशी, की तलाव फोडला, म्हणजे पाणी सोडलं, की ते आधी सगळ्यात शेवटच्या शेताला जायचं. जवळच्याचं काय, त्याला पाझरानंही मिळतं. हीच रीत हा टीममध्ये चालवायचा. कसलीही बैठक असो, आधी बोलणार तो सगळ्यात शेवटी टीममध्ये आलेला माणूस. हा स्वतः सगळ्यांच्या मागून. कोणी मध्येच तोंड घातलं तर म्हणायचा, “थांब. पाणी शेवटच्या बांधीपासून.” बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं बांध घातलेलं शेत.

या सवयीनंच त्याला अडचणीत आणलं.

त्या वर्षी आमचा गोलकीपर होता सुखदेव. सालेकशाकडचा, बायको-लेकरांचा माणूस, उंच आणि अबोल. एका मॅचमध्ये उडी मारताना त्याचा हात मनगटात मोडला. करारात एक ओळ होती: खेळाडू जायबंदी झाला की करार संपला. शेठनं दुसऱ्याच दिवशी सुखदेवला घरी जायला सांगितलं आणि छत्तीसगडहून नवा गोलकीपर आणला.

तिसऱ्या दिवशी त्या हंगामातल्या एका स्पर्धेची सेमीफायनल. मैदान एका तलावाच्या खालच्या अंगाला, धान कापलेल्या बांध्या सपाट करून केलेलं. लोक तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, बसलेले, पाळ भरून गेली होती. सुखदेवही आला होता, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून. मॅच सुरू व्हायची वेळ झाली आणि आमची टीम गोलपोस्टमागे गोल करून बसली. मी माईकची वायर ओढत तिथवर गेलो, काय चाललंय पाहायला.

कप्तानाचं मागणं ठरलेलं होतं: सुखदेवला परत घ्या, त्याच्या हाताचा इलाज करा, नवा माणूस वापस पाठवा. सगळे तयार होते. तरी यानं रीत सोडली नाही. सगळ्यात शेवटी आलेला कोण? तर तो नवाच. कप्तान त्याला म्हणाला, “बोल भाऊ.”

तो पोरसवदा माणूस घाबरलेलाच होता. म्हणाला, “दादा, मैं तो कल ही आया हूँ। घर में सबको बोल के आया हूँ कि टीम में लग गया। अब क्या मुँह लेके वापस जाऊँ? मेरा क्या कसूर है?”

बाकीचे उसळले. एक जण म्हणाला, “हा काऊन बोलून राहिला? याच्यापायीच तर सुखदेव गेला.”

कप्तानानं हात वर करून त्यांना थांबवलं. मग म्हणाला, “खरं बोलला तो. त्याचा काय कसूर? दोघंही राहतीन.”

मी मनात म्हटलं, झालं. एक मागणं मानायला शेठ तयार नाहीत, त्यात यानं दुसरं वाढवलं. संप असा करतात का कोणी?

मी माईकच्या टेबलाशी परतलो, तसे शेठ तिथं आले, मागोमाग कप्तान. डावा बूट हातात, उजवा पायात. शेठ माणूस वाईट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. खेळाडूंना पोटभर खाऊ घालायचे, जिंकल्यावर लेकरासारखे नाचायचे. पण चारचौघांत कोणी अडवलं की त्यांचं डोकं फिरायचं.

“दो-दो गोलकीपर का मैं क्या अचार डालूँगा?”

“एक खेळन,” कप्तान म्हणाला, “एक बरा होईन.”

शेठ जवळ सरकले, आवाज खाली आणला. “देख, तू मेरा पुराना आदमी है, इसलिए बता रहा हूँ। सब मालिक लोग तेरे से परेशान हैं। आज दूसरा बूट निकाला, तो अगले साल तेरे नाम पे कोई मुँह नहीं खोलेगा। कोई भी नहीं। सोच ले।”

मी हे कानांनी ऐकलं. कप्तानानंही नीट ऐकलं, कारण त्यानं मान हलवली. त्याचं वय खेळाडू म्हणून उतरणीला लागलेलं. फुटबॉलशिवाय त्याला दुसरं वेड नव्हतं. मला वाटलं, आता हा डावा बूट चढवेल, आणि चढवला असता तर मी त्याला नाव ठेवलं नसतं.

तो खाली बसला. उजव्या बुटाची नाडी सावकाश सोडली, बूट काढला आणि दोन्ही जोडून माझ्या टेबलाखाली ठेवले. गोलपोस्टमागं बसलेल्यांनी ते पाहिलं. एकामागून एक सगळ्यांचे बूट निघाले. नव्यानंही काढले.

पाळीवरून लोक ओरडू लागले, “खेळा ना बे.” समोरच्या टीमचा मालक वॉकओव्हर मागू लागला. पंच घड्याळ पाहू लागले. मी गाणी लावली, हरवलेल्या चपलेची सूचना दिली, पाहुण्यांचं दोनदा स्वागत केलं. शेवटी शेठनंच हात जोडले. “ठीक है। दोनों रहेंगे। सुखदेव का हाथ मैं दिखाऊँगा नागपुर में। अब खेलो मेरे बाप।”

खेळले, आणि हरले. नव्याच्या हातून अगदी सोपा बॉल सुटला. कप्तान त्याच्याजवळ गेला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “होते.” एवढंच.

शेठनं शब्द पाळला. सुखदेवचं ऑपरेशन झालं, हंगाम संपेपर्यंत तो बाकावर टीमसोबतच बसला. दुसरा शब्दही शेठनं पाळला.

पुढच्या लिलावाला हॉल तोच, मालक तेच, स्टेजवर खुर्ची माझी. कप्तानाचं नाव आलं. तो आला, बसला. इस्त्रीचा शर्ट, पायात खेळायचे बूट, पुसून लख्ख केलेले. मी त्याचं वर्णन केलं, जरा वाढवूनच केलं. मग बोली मागितली.

सोफ्यावर कोणी हलेना. एक जण मोबाईलमध्ये, एक जण चहात. आमचे शेठ छताच्या पंख्याकडे पाहत होते.

मी पुन्हा पुकारलं. आयुष्यात इतक्या सावकाश मी कधी पुकारलं नसेल. तिसऱ्यांदा पुकारायला माझी जीभ उचलेना. कप्तानानं माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाला, “पुकारा ना जी. तुमचं काम आहे ते.”

मी पुकारलं.

तो खाली वाकला. हॉलमधला एक न् एक माणूस त्याच्या हाताकडे पाहत होता, शेठसुद्धा पंखा सोडून. त्यानं डाव्या बुटाची नाडी ओढून घट्ट बांधली. मग उजव्याची. उठला, मला नमस्कार केला आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेला. आता तो गावी असतो, तलावाचं पाणी वाटतो. लीगमध्ये परत आला नाही.

यादी माझ्या हातात होती. पुढचं नाव छत्तीसगडच्या त्या गोलकीपरचं. तो स्टेजवर आला आणि खुर्चीच्या बाजूला उभा राहिला.

“बैठो भाई,” मी म्हटलं.

“नहीं भैया। ये कप्तान की कुर्सी है। मैं खड़ा ही ठीक हूँ।”

त्याच्यानंतर सुखदेव आला. तोही उभाच राहिला, बरा झालेला हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. शेठ खालून दोनदा म्हणाले, “अरे, बिठाओ इनको।” संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीवर कोणी बसलं नाही.