कंट्रोलकाकांचं टेबल

कंट्रोलकाका आयुष्यात कुठेही लवकर पोचले नाहीत. उशिराही नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत भोजनाची वेळ साडेबारा छापली होती, तर हा गृहस्थ गंगापूर रोडवरच्या कार्यालयाबाहेर बारा सव्वीसपासून उन्हात उभा. सासरेबुवांनी हात जोडून आत बोलावलं, तर मनगटावरचं घड्याळ दाखवून म्हणाले, अजून चार मिनिटं आहेत. सासरेबुवांना वाटलं, वराकडचं कुणीतरी रुसलंय.

आमच्या मोटर क्लबाची रॅली म्हणजे गाड्या पळवायचा खेळ नव्हे, हे नाशकात अजून कुणाला पटलेलं नाही. ठरवून दिलेल्या वेगाने जायचं आणि वाटेतल्या प्रत्येक कंट्रोलवर नेमक्या मिनिटाला पोचायचं. कंट्रोल म्हणजे एक टेबल, एक छत्री आणि घड्याळ घेऊन बसलेला एक माणूस. मिनिटभर उशीर झाला तर एक गुण दंड, मिनिटभर लवकर आलात तर दोन. हा नियम काकांनीच लिहिलेला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका वीसेक वर्षं शेवटच्या कंट्रोलवर बसत आले होते आणि ती खुर्ची हाच त्यांचा संसार होता, असं काकू कौतुकाने नव्हे, वैतागून सांगायच्या.

"उशिरा येणाऱ्याला निदान लाज असते," काका म्हणत, "लवकर येणाऱ्याला तीही नसते."

वेळेच्या या स्पर्धेला झेंडा दाखवायला येणारे प्रमुख पाहुणे दरवर्षी दीड तास उशिरा येत, ही गोष्ट निराळी. एका माजी नगरसेवकांच्या नावापुढे काकांनी तक्त्यात शांतपणे नव्वद गुण दंड लिहिला होता. साहेबांना वाटलं आपण नव्वद गुणांनी जिंकलो, आणि त्यांनी फोटो काढून घेतला.

पण नगरसेवकांचं जमलं, अध्यक्षांचं बिनसलं. आमचे अध्यक्ष बिल्डर. त्यांचे चिरंजीव शेवटच्या कंट्रोलवर तीन मिनिटं आधी येऊन थडकले, काकांनी सहा गुण कापले आणि चषक एका गॅरेजवाल्याच्या घरी गेला. लगेच अध्यक्षांना आधुनिक तंत्रज्ञानाची निकड भासू लागली. मोबाइलवरचं अॅप आलं. आता गाडीची वेळ आपोआप नोंदणार, टेबलावर माणूस नको.

हे काकांना सांगायचं कुणी? समितीत आम्ही सहा जण, घाटातल्या वळणावर ट्रकला ओव्हरटेक करणारे मर्द, मिसळीच्या ताटांवर माना खाली घालून बसलो. शेवटी तोडगा मी काढला. लपवून काय करू, मी सेक्रेटरी होतो, अक्कल माझीच. म्हटलं, सांगायचंच कशाला? काकांना बसवू की शेवटच्या कंट्रोलवर. फक्त रॅली तिकडून न्यायची नाही. मार्ग गुप्त ठेवायचा, कंट्रोलवाल्यालाही कळू द्यायचा नाही, हा नियमही काकांचाच होता. दुपारी एकला जाऊन सांगायचं की ऐनवेळी रस्ता बदलावा लागला, आणि घेऊन यायचं. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

जानेवारीतल्या त्या रविवारी मी स्वतः काकांना त्र्यंबकच्या पुढे वैतरणेच्या रस्त्यावर टेबल मांडून दिलं. तिथे मोबाइलला रेंज नसते. काकूंनी दिलेला डबा, दोन पेनं, पांढरा इस्त्रीचा शर्ट. रॅली पेठच्या बाजूला गेली. छान झाली. चिरंजीव पहिले आले. मग हॉटेलात जेवणं, भाषणं, आणि अॅप आणल्याबद्दल माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. शाल अंगावर असतानाच काकूंचा फोन आला. साडेपाच वाजले होते. "अहो, हे अजून आले नाहीत. तुमच्याबरोबर आहेत ना?"

एक वाजताचं मी साफ विसरलो होतो.

पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. काका टेबलामागे ताठ बसलेले. माझे दिवे दिसताच उभे राहिले, पण घड्याळाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. टेबलाचा आधार घेऊन म्हणाले, "कोण गेलं? आधी नाव सांग."

मला कळेचना.

"एकही गाडी आली नाही. घाटात मोठं काहीतरी झालंय. लपवू नकोस."

मी म्हटलं, कुणाला काही झालेलं नाही. मग म्हटलं, "काका, रॅली इकडून नव्हतीच." आणि तोंड उघडलंच होतं म्हणून सगळंच सांगून टाकलं. अॅप, समिती, माझा तोडगा. शाल अजून खांद्यावरच होती, ती काढायचं भान मला तेव्हा आलं.

ते रागावतील, चार शब्द सुनावतील असं वाटलं होतं. मला ते हवंच होतं. त्यांनी तक्ता घडी करून खिशात ठेवला, न उघडलेला डबा पिशवीत टाकला आणि एवढंच म्हणाले, "त्र्यंबकला थांबायचंय. दुपारी नवस बोललोय. पोरं सुखरूप असू देत म्हणून."

मी म्हटलं, काका, आता कसला नवस.

"सुखरूप आहात ना? मग फेडायला हवा."

मी गाडीशी थांबलो. त्यांनी नारळ घेतला, देवळाकडे गेले, परत आले आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. आजवर कितीदा तरी ते माझ्या शेजारी बसून, वेगाच्या काट्यावर नजर ठेवून नाशकाला परतले होते. त्या संध्याकाळी त्यांनी मागचं दार उघडलं आणि मागे बसले. घर येईपर्यंत मी वेगात होतो की हळू, ते त्यांनी विचारलं नाही.