दाभणमावशीचा डाग

दाभणमावशीला बसणं ठाऊक नव्हतं. जेवायचीसुद्धा उभ्यानं, एक पाय उंबऱ्याबाहेर. लोणारला ती आमची शेजारीण. कुणाला कावीळ झाली की लोक तिच्याकडे येत आणि ती पोती शिवायचं दाभण चुलीत लाल करून मनगटावर डाग द्यायची. मला तिच्या त्या विद्येचा भयंकर राग यायचा, तिचा मात्र कधी येऊच शकला नाही.

"डाग देल्ला का मांगं वळून पाह्याचं नाही," हा तिचा दंडक. डाग घेतलेल्यानं सरळ घरी जायचं, पुन्हा तिच्या दारात यायचं नाही. कुणी आलाच दाखवायला, तर ती खेकसायची, "काऊन आला बे? भरोसा नाही का माह्यावर?"

मग तिच्याच पोटात निघालं. जुन्या काविळीनं तिचं लिव्हर पार आकसून गेलं होतं आणि त्यात बोराएवढी कॅन्सरची गाठ. संभाजीनगरचे डॉक्टर म्हणाले, असलं लिव्हर कापाकापी सोसणार नाही. बाहेरून सुई घालून गाठ आतल्या आत उष्णतेनं जाळू. मावशी एकदम खूश. "म्हंजे डागच की! मले काय शिकवता?" भूल उतरते न उतरते तोच ती वॉर्डात चकरा मारायला लागली.

"गाठ पूर्ण जळाली," डॉक्टर म्हणाले, "पण अशा लिव्हरमध्ये दुसरीकडे नवी येऊ शकते. महिन्यानं स्कॅनला या, पुढंही येत राहा." इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. महिना झाला तसा मी एसटीच्या वेळा घेऊन तिच्या दारात. ती अंगण झाडतेय, भांडी घासतेय, माझ्याकडे बघत नाही. "मले काही होऊन नाही राह्यलं. डागलेलं पाहू नये." मी चिडलो, हातापाया पडलो, तिच्या भावाला बोलावून आणलं. रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून जायचो आणि तिचे डोळे पिवळे दिसतात का ते बघायचो. बाई ढिम्म हलली नाही.

आली ती पोट फुगल्यावर. नवी गाठ आता सुईच्या आवाक्यातली राहिली नव्हती. परतीच्या एसटीत मावशी खिडकीशी बसून होती. जालना मागं पडल्यावर म्हणाली, "मी येळेवर आली असती त?"

"काही फरक पडला नसता," मी म्हणालो.

"चांगलं खोटं बोलतं तू," ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवला.

त्यानंतर महिन्याभरात ती गेली. पण त्या संध्याकाळी आम्ही घरी पोचलो, तर पिवळ्याजर्द डोळ्यांच्या नवऱ्याला घेऊन एक बाई ओट्यावर वाट बघत होती. मावशी आत गेली. आता दाभण आणते, म्हणून मी धसकलो. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि चक्क त्या बाईजवळ टेकली.

"दवाखान्यात ने याले," ती म्हणाली. "आन् त्याईनं पुन्हा बोलावलं, त पुन्हा जाय, माय. बरं वाटलं म्हणून घरी बसू नको."