नाशिकला ट्राम नव्हती

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. त्यांची सगळी नोकरी भुसावळला झाली, मीही तिथेच वाढलो. नव्वदच्या दशकात माझी बदली नाशिकला झाली. आई तेव्हा नव्हती, म्हणून नानांना सोबत आणलं. नाशिक त्यांचं लहानपणीचं गाव.

वर्षभरात ते विसरायला लागले. जेवण झालं का ते आम्हालाच विचारायचे, सुनेला माझ्या आईच्या नावाने हाक मारायचे. आणि एक नवंच सांगायचे. नाशिकरोड स्टेशनपासून गावात मेनरोडपर्यंत ट्राम होती म्हणे, दोन डबे आणि चार घोडे. वडिलांबरोबर ते रोज तिने शाळेत यायचे. चढ आला की कंडक्टर ओरडायचा, मग धडधाकट माणसं उतरून चालायची. नासर्डी नदीपाशी घोडे बदलेपर्यंत पोरं पेरू तोडून आणायची.

"नाना, ट्राम मुंबईला होती."

"अरे, मी बसलोय तिच्यात!"

डॉक्टरांना लक्षणं सांगताना मी ट्रामही सांगितली, नानांच्या देखत. "भास होतायत," म्हणत त्यांनी एक गोळी लिहून दिली. दोन-तीन महिन्यांत ट्रामचं बोलणं थांबलं. "गोळी लागू पडली," मी बायकोला म्हणालोसुद्धा.

पुढच्या उन्हाळ्यात द्वारका चौकाच्या अलीकडे रस्ता खणला होता. खड्ड्याभोवती माणसं जमलेली बघून मी स्कूटर थांबवली. डांबराच्या थरांखाली एक गंजका रूळ हातभर उघडा पडला होता. झेंडूची पाटी घेऊन बसलेली म्हातारी मजुरांना सांगत होती, "ट्रामचा हाय तो. घोड्याच्या ट्रामचा. माझी सासू तिच्यातूनच फुलं घेऊन गावात यायची. मोटारी आल्या अन् ट्राम बंद पडली. बाकीचे रूळ उपसून नेले, एवढा राह्यला आसंल."

मी खाली वाकून रुळाला हात लावून पाहिला.

तसाच घरी गेलो, नानांना रिक्षात घालून तिथे आणलं. "नाना, बघा. तुमची ट्राम. तुमचंच खरं होतं."

त्यांनी रुळाकडे पाहिलं. मग माझ्या चेहऱ्याकडे, बराच वेळ. हळूच म्हणाले, "नाही रे. नाशिकला कुठली ट्राम? मला भास व्हायचा तो."

"अहो, हा रूळ बघा ना!"

त्यांनी माझं मनगट धरलं. "मी काही बोललो नाही हं. डॉक्टरांना सांगू नकोस. गोळी वाढवतील."

त्यांना जवळ घेऊन मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.

रुळाचं ऐकून डॉक्टरांनी गोळी बंद केली. विसरणं चालूच राहिलं. नाना आणखी चार वर्षं होते. मी वाचनालयात जुनी पुस्तकं चाळून ट्रामची माहिती काढायचो, त्यांना वाचून दाखवायचो. दुसऱ्या कुणाच्या गावाबद्दल ऐकावं तसे ते ऐकायचे. "बरं होतं की लोकांना," एकदा एवढंच म्हणाले.