स्टेशनासमोरचं हॉटेल आणि तिगावची घंटा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते आत्याबाईचे. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. पांढुर्ण्याला स्टेशनजवळच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं. आमचं खेडं मोहगावच्या पुढे, आणि तिथली शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी वडिलांनी मला तिच्याकडे आणून सोडलं, तेव्हा ते म्हणाले होते, "वर्षभर ठेवून पाह्य." तिनं मला मॅट्रिक होईपर्यंत ठेवून घेतलं. पुढे नागपूरला कॉलेजात गेलो, तरी सुटीत आधी तिच्याकडे उतरायचं आणि मग खेड्यावर जायचं, असा नेमच झाला. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती.

स्टेशनजवळ राहणाऱ्यांची एक रीत असते. पांढुर्ण्याला आमच्या गल्लीत गाडीसाठी कुणी घड्याळ पाहत नसे. शेजारच्या स्टेशनावरून गाडी सुटली की आमच्या फलाटावर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले पडत. नागपूरच्या बाजूचं शेजारचं स्टेशन तिगाव, म्हणून तिकडून येणारी गाडी असली की लोक म्हणत, "तिगावची घंटा झाली." इटारसीकडून येणारी असली तरी सवयीनं तेच म्हणत. मग उरलेला चहा प्यायचा, कुलूप लावायचं, शेजारणीला किल्ली द्यायची आणि सावकाश चालत फलाटावर जायचं. गाडी त्यानंतरच येई. घंटेच्या आधी निघणारा माणूस बाहेरगावचा समजला जाई.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी पेटी घेऊन लवकर निघालो, तर आत्याबाईनं दारातच अडवलं.

"आतापासून कुठी चालला?"

"गाडीची वेळ झाली, आत्याबाई."

"वेळ सरकारची झाली असन. गाडीची नाई झाली. बस, अजून एक भाकर खा."

मी बसलो. भाकर खाता खाता पुस्तक उघडलं. थोड्या वेळानं चुलीपाशी बसल्या बसल्याच तिनं हाक मारली, "झाली रे घंटा! ऊठ!" आणि गाडी आरामात मिळाली. त्यानंतर मी कधी आधी निघालो नाही.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मी आठवीत होतो. शाळेतून लाडू घेऊन आलो, तर अर्धा लाडू मोडून मला परत देत तिनं विचारलं, "आता गाड्या टायमावर येतीन काय?"

"येतील," मी मोठ्या विश्वासानं सांगितलं.

"मंग घंटा कायले लागन?" असं म्हणून ती हसली.

शेती कॉलेजची पदवी घेऊन मी सौंसरला फळबागांच्या कामावर नोकरीला लागलो. थोड्याच काळात राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आम्ही भोपाळच्या राज्यात राहिलो. संत्र्याची झाडं इकडे आणि बाजार तिकडे, अशी आमची स्थिती झाली. त्याच सुमारास खात्यातून एका माणसाला जपानला पाठवायचं ठरलं. संत्री निवडायची, कागदात गुंडाळायची आणि पेटीत भरायची तिथली पद्धत शिकून यायची होती. माझा अर्ज नागपूरच्या कचेरीत होता. ती कचेरी भोपाळला हलली आणि अर्ज कुठल्या गठ्ठ्यात गेला ते कुणालाच सांगता येईना. मी रोज उदास होऊन बसे. आत्याबाई म्हणाली, "कागद गाडीत बसला हाय न? मंग येईन. तू कायले झुरून राहिला?" अर्ज खरोखरच सापडला आणि माझी निवड झाली. आमच्या भागातून असा जाणारा मी पहिलाच होतो. निरोप द्यायला सौंसरहून आमच्या खात्याचे साहेब स्वतः पांढुर्ण्याला आले आणि म्हणाले, "तुम्ही नीट शिकून आलात, तर पुढे आणखी मुलं पाठवता येतील. नाही तर हे दार बंद." ते वाक्य मी बोटीवर रोज आठवत होतो.

जपानमधल्या त्या गावी पोहोचल्यावर विचारलं गेलं, कुठे राहणार? टेकडीवर शिकाऊ लोकांचं वसतिगृह होतं, आणि खाली स्टेशनासमोर एक छोटं हॉटेल होतं. संत्र्यांचं केंद्र दोन स्टेशनं पुढे, म्हणजे रोज सकाळी सातची गाडी पकडायची. मी ताबडतोब हॉटेल मागून घेतलं. माझ्याबरोबर सिलोनचा एक शिकाऊ होता, तो टेकडीवर गेला. मी त्याला इंग्रजीत सांगितलं, "मी स्टेशनाजवळच वाढलोय. माझी गाडी कधी चुकायची नाही."

तिकडे कदाचित हॉटेलात राहावं लागेल, असं मी निघण्याआधी आत्याबाईला म्हटलं होतं, तेव्हा ती घाबरली होती. "हॉटेलात लोक भजे खातेत रे, राहत नाई." पण हे हॉटेल फार स्वच्छ होतं. जोडे दारातच काढायचे. जमिनीवर चटया, त्यावर गादी घालून झोपायचं, सकाळी ती घडी करून कपाटात. हे सगळं मला घरच्यासारखंच वाटलं. भाताबरोबर एक लालसर आंबट लोणचं मिळे, त्यावर माझं भागे. मालकीणबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, सारख्या लवून नमस्कार करणाऱ्या. त्यांना इंग्रजीचे वीसेक शब्द येत. माझ्या खोलीच्या खिडकीतून समोरचा फलाट दिसे. इतकी सोय मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

पहिल्या दिवशी मी साडेसहालाच तयार होऊन खिडकीशी बसलो. फलाटावर लोक जमत होते. मला त्यांची थोडी कीव आली. घंटेच्या आधीच येऊन उभे राहिलेले बाहेरगावचे लोक! इतक्यात गाडी मुकाट्यानं आली आणि मी खाली जाऊन बुटांच्या नाड्या बांधेपर्यंत निघूनही गेली.

केंद्रावर पाऊण तास उशिरा पोहोचलो. तिथले मुख्य अधिकारी दुभाष्यामार्फत शांतपणे म्हणाले, "पहिला दिवस आहे. पण नियम सांगून ठेवतो. तीनदा उशीर झाला की नाव कमी होतं आणि तुमच्या सरकारला तसं कळवावं लागतं."

काल घंटा आपल्याला ऐकू आली नसेल असं समजून दुसऱ्या दिवशी मी खिडकीकडे पाठ करून, कान टवकारून बसलो. आणि सातला घंटा झाली! चांगली खणखणीत, विजेची. मला हायसं वाटलं. चहा संपवला, टोपी घातली, जिना उतरलो. रस्ता ओलांडून गेलो तर फलाट रिकामा. त्यांची घंटा गाडी येताना होत नव्हती, सुटताना होत होती.

सिलोनवाला दिवसभर मला चिडवत होता. "मी टेकडी उतरून येतो, मैलभर चालतो, गाडी मिळते. तू खिडकीतून तिला टाटा करतोस. उद्यापासून तू टेकडीवर ये, मी तुझ्या खोलीत राहतो."

मी हसलो, पण आतून हादरलो होतो. आता एकच चूक उरली होती. नाव कमी झालं असतं तर साहेबांना काय तोंड दाखवलं असतं? आणि आत्याबाईला? मी कॉलेजात असताना दर वर्षी माझा निकाल ऐकायला ती पोस्टाच्या दारात जाऊन बसत असे.

संध्याकाळी मालकीणबाईंनी जेवण आणलं. माझा चेहरा पाहून विचारलं, "सिक?" मी नाही अशी मान हलवली. मग कागद घेऊन त्यावर चित्र काढलं. एक स्टेशन, दुसरं स्टेशन, मध्ये गाडी, टांगलेला रुळाचा तुकडा, आणि शेजारी घरात भाकर खात बसलेला मी. चुलीपाशी लुगडं नेसलेली एक बाई काढली आणि तिच्या तोंडासमोर तीन-चार रेषा, म्हणजे ती ओरडून राहिली आहे. त्यांनी तो कागद बराच वेळ न्याहाळला. मग बाही तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. रुळाच्या तुकड्यावर त्यांनी बोट ठेवलं नाही. त्या बाईवर ठेवलं आणि विचारलं, "मदर?"

मी "हो" म्हणालो. आत्याला काय म्हणतात ते त्यांच्या वीस शब्दांत नव्हतं.

त्या बोटाकडे पाहताना मला पहिल्यांदाच लक्षात आलं. पांढुर्ण्याची घंटा मी कधी ऐकतच नव्हतो. माझं डोकं पुस्तकात असे. घंटा ऐकत होती ती आत्याबाई. मी फक्त तिची हाक ऐकून उठत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भात खात असताना जिन्याखाली धडाधड आवाज झाला. मालकीणबाई तांब्याच्या मोठ्या पातेल्यावर लाकडी पळी आपटत होत्या. भिंतीवरच्या घड्याळात सातला दहा मिनिटं कमी होती. दारात माझे बूट रस्त्याकडे तोंड करून ठेवलेले, नाड्या सैल केलेल्या. मी फलाटावर पोहोचलो, उभा राहिलो, आणि मग गाडी आली. सिलोनवाला डब्यात चढता चढता ओरडला, "अरे, हा कोण नवा प्रवासी?"

पुढचे तीन महिने ते पातेलं रोज वाजलं. हॉटेलातले बाकीचे पाहुणेही त्यावरच निघू लागले. माझी गाडी परत चुकली नाही. शेवटी मिळालेलं प्रमाणपत्र मी सौंसरला साहेबांच्या टेबलावर ठेवलं, आणि पुढच्या वर्षी आमच्या खात्यातून आणखी एक जण गेला. त्याला मी त्याच हॉटेलचा पत्ता दिला.

जपानहून निघण्याआधी मी आत्याबाईला पत्र लिहिलं होतं. ते तिनं गव्हाच्या डब्यात जपून ठेवलं होतं, म्हणून आज माझ्यापाशी आहे.

"तीर्थस्वरूप आत्याबाईस शिरसाष्टांग नमस्कार. पत्र वाचून दाखवणाऱ्या पोस्टमन मामांनाही नमस्कार.

मी खुशाल आहे. शिक्षण पुरं झालं, कागद मिळाला. आतापर्यंतच्या पत्रांत मी तुला एक गोष्ट लिहिली नाही. इथं आल्याबरोबर दोन दिवस माझी गाडी चुकली. स्टेशन समोर असून चुकली. तिसऱ्यांदा चुकली असती तर मला परत पाठवणार होते. इथल्या गाड्या टायमावर येतात, त्यामुळे घंटा लागत नाही. तू लाडू खाताना म्हणाली होतीस तसंच. पण मला लागते. हॉटेलच्या बाईंनी माझ्यासाठी रोज पातेलं वाजवलं. त्याला पोचे पडले आहेत, पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तुला नमस्कार सांगितला आहे. तुझं चित्र त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर लावलं आहे.

मला वाटायचं, गाडी पकडायला मी शिकलेला आहे. ते काम तू करत होतीस.

बोटीतून उतरल्यावर मी नागपूरवरून सकाळच्या गाडीनं येईन. तू आधीच फलाटावर येऊन उन्हात बसशील, मला माहीत आहे. तसं करू नको. घरीच बस. तिगावची घंटा झाली की नीघ."